तेविताचा खर्ज

टोंगातल्या एका छोट्या बेटावर लेसिएलीच्या दिवंगत नवऱ्याचा, तेविताचा, खर्जातला आवाज आता एकाच ठिकाणी उरला होता. गावच्या चर्चच्या गायकांनी ध्वनिमुद्रित केलेल्या एका गीतात. ते तिने फोनवर रीतसर विकत घेतलं होतं.

शनिवारी सुरण सोलताना तिने ते लावलं, तर पडद्यावर अक्षरं आली : 'हे गीत आता तुमच्याकडे नाही.'

"विकत घेतलेलं असं कसं नेतात गं?" ती चिडली.

"नेऊ देत की वहिनी!" नणंद फिपे हसली. "तोंडपाठ आहे तुला. म्हण आणि ऐक."

लेसिएलीने तोंड उघडलं. चालच आठवेना.

"अगं, अशी," म्हणत फिपेने नुसतेच ओठ हलवले. थट्टाच करतेय मेली, असं लेसिएलीला वाटलं.

रविवारी चर्चमध्ये तेच गीत होतं. रिवाजाप्रमाणे कमरेला चटया बांधलेले गायक उभे राहिले. सगळ्यांची तोंडं एकदम उघडली, मिटली, पुन्हा उघडली. लेसिएलीला फक्त पंख्याची करकर ऐकू येत होती.

शेजारी फिपेने डोळे पुसले आणि हळूच तिचा हात दाबला.

"आज दादासुद्धा गायला, नाही गं वहिनी?"