उंदराचं प्रथिन

नळीतलं द्रावण पुन्हा गढूळ झालं. उषाने घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं. ही तिसरी चाचणी, आणि तिसऱ्यांदा तेच.

द्रावण नितळ राहायला हवं होतं. प्रथिनं तापली की त्यांची घडी विस्कटते, ती एकमेकांना चिकटतात आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी साकळतात. उंदराच्या शरीरातलं एक प्रथिन हा बिघाड थोपवतं. त्याचं जनुक जिवाणूंमध्ये घालून उषाने ते बोईसरच्या या छोट्या प्रयोगशाळेत तयार केलं होतं. सहा महिने लागले होते. बंगलोरच्या संशोधकांना ते हवं होतं. रजेवर जाण्याआधी तिने स्वतः तपासून चाळीस कुप्या डीप फ्रीजरमध्ये ठेवल्या होत्या. तेव्हा प्रथिन उत्तम काम करत होतं.

रजेनंतर आज ती पहिल्यांदाच कामावर आली आणि कुणाला न विचारता कुप्या काढून बसली. सगळ्या निकामी. तिने वहीत तारीख घातली, ९ डिसेंबर १९९५, आणि खाली तसं लिहिलं. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

दीड महिना तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. किनाऱ्यावर वादळ आलं त्या दिवशी, सातव्याच महिन्यात, तिला झटके आले. पालघरच्या दवाखान्यात पोट उघडून मूल काढावं लागलं. मुलगा होता. जेमतेम एक किलोचा. दोन दिवस ती बेशुद्ध होती. तिसऱ्या दिवशी तिला चाकांच्या खुर्चीत बसवून त्याच्याजवळ नेलं. उबेच्या पेटीच्या भोकातून तिने हात आत घातला. त्याने तिचं बोट धरलं, ते संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. चौथ्या सकाळी तो गेला. ती शिरगावला घरी आली. दूध आटायच्या गोळ्या वेळेवर घेतल्या. नवरा, शांताराम, तिच्यासमोर रडला. ती त्याला पाणी देऊन भाकऱ्या थापायला बसली.

वही घेऊन ती कृष्णकांत सरांच्या खोलीत गेली. सरांची साठी उलटली होती, प्रयोगशाळा त्यांचीच.

“सर, सगळा माल गेला. माझंच काहीतरी चुकलं असणार.”

“तुझं काही चुकलेलं नाही,” ते म्हणाले. “बंगलोरला मी महिन्यापूर्वीच कळवलंय. आपण परत सुरुवात करू.”

म्हणजे तिने तपासण्याआधीच त्यांना ठाऊक होतं. कसं, ते त्यांनी सांगितलं नाही.

मागच्या अंगणात नवशा टेम्पो धूत होता. एडवणचा हा ड्रायव्हर पहिल्यापासून सरांकडे होता. तिने त्याला विचारलं.

“वादळात खांब पडलं ना, बाय. चार दिस लाइट नवती,” तो म्हणाला. “फ्रीजर बंद. आमी बर्फ भरला, पन साध्या बर्फानं काय व्हतंय?”

“आपला जनरेटर होता ना?”

नवशाने फडकं पिळलं. पुन्हा पिळलं.

“त्यो हितं नवता. पालघरला व्हता. दवाखान्याचा जळला, तवा सायबांनी आपला टेम्पोत घालून धाडला. तुज्या पोराच्या पेटीसाठी. मीच नेला. तुला सांगू नको म्हनले.”

ती तशीच मागे फिरली. सर काहीतरी लिहीत होते. ती दारातच उभी राहिली.

“सर, तो वाचेल असं तुम्हाला वाटलं होतं?”

त्यांनी पेन खाली ठेवलं.

“नाही. त्याची फुप्फुसं तयार झाली नव्हती. उबेत ठेवला तर दोन-तीन दिवस काढेल, त्यापुढे नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.”

“माहीत होतं, तरी जनरेटर पाठवलात? सहा महिन्यांचं काम जाणार, हे माहीत असून?”

सर म्हणाले, “तू अजून शुद्धीवर आली नव्हतीस.”