भेगा बुजवणारा स्लॅब

या काँक्रीटला तडा गेला तरी तो आपोआप बुजतो, फक्त पाणी मारत राहा, असं इंजिनिअर सांगून गेला. पाण्यात उभं राहायला बूट मात्र कुणी दिले नाहीत. इमारत शंभर वर्षं टिकायला हवी. आमच्या पायांचं काय, ते फुकटचे. माझा धाकटा भाऊ अनवाणीच पाइप धरून ओल्या स्लॅबवर उभा राहायचा.

तडे खरंच बुजले. मग एका सकाळी त्यानं टाच वर करून दाखवली. "बघ ताई, एक भेग नाही. तुझ्या मलमानं जन्मात जमलं नसतं."

"नवरदेवाचे पाय झाले की," मी हसले.

पुढच्या आठवड्यात त्याच्या तळहातांवरच्या रेषा गेल्या. तळवे भिंतीसारखे सपाट.

"सोड हे काम," मी म्हणाले.

"आणि खायचं काय?" म्हणत तो शिडी चढला.

भर दुपारी मी वर गेले. हाका मारल्या, त्यानं वळून पाहिलं नाही. मी समोर जाऊन उभी राहिले, तेव्हा त्यानं पाइप खाली टाकला आणि घशाकडे बोट दाखवलं. तहान लागली असेल म्हणून मी बाटली त्याच्या तोंडाशी नेली.

ओठांमध्ये फट नव्हती.