दोन मुठींचा स्वस्त सुरा

नवा सुरा आईने थोरलीच्या हातात दिला आणि स्वतःचा, तीस वर्षे वापरलेला, धाकटीच्या. घडण दोन्हींची एकच होती. आडवे पाते, दोन्ही टोकांना मूठ, दोन्ही हातांनी धरून लाकूड तासत छातीकडे ओढायचे. पण आईचा सुरा लोण्यातून फिरावा तसा चालत असे, आणि नवा बाजारातल्या सर्वांत स्वस्त ढिगातून उचललेला होता.

"एकाच ओंडक्याच्या या दोन फाका," आई म्हणाली. "सकाळीच फोडल्यात, ओल्या आहेत. दोघींनी खुर्चीचा एकेक पाय तासायचा. आठ पैलू, बुडाशी जाड, वर निमुळता. संध्याकाळी दोन्ही बघीन आणि आपला खुर्च्यांचा कारखाना कुणाकडे जाणार ते सांगीन."

आईचे मनगट आता वळत नव्हते. थोरली या कारखान्यात सोळा वर्षे राबली होती. धाकटी बाहेर दोन उद्योग सुरू करून, दोन्ही अर्धवट टाकून, गेल्या वर्षी परतली होती. स्वस्त सुरा आपल्या वाट्याला आला याचा थोरलीला राग आला नाही. अवघड गणित वर्गातल्या हुशार मुलीलाच घालतात, असे तिने मनाशी म्हटले. तिला जरा बरेही वाटले.

तिने लगेच लाकडाला हात लावला नाही. फाक ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवली, कारण लाकूड ओले असेपर्यंतच पात्याचे ऐकते. मग गंजू नये म्हणून पात्यावर फासलेले व्हार्निश खरवडून काढले. त्याखाली पाहते तो पात्याची पाठ मधोमध खोलगट होती आणि धारेवर धार लावायच्या चाकाचे ओरखडे तसेच होते. तिने पाठीवर शाईची रेघ ओढली आणि पाते धारेच्या दगडावर घासले. कडांची शाई गेली, मधली राहिली. पुन्हा रेघ, पुन्हा घासणे.

"ताई, पाय तासायचाय. पातेली घासायची नाहीयेत," धाकटी घोडीवरून, लाकूड पकडून तासायच्या बाकावरून, म्हणाली. तिच्याभोवती ढलप्यांचा ढीग साचला होता.

"तू तुझं बघ. लाकडाच्या धाग्याच्या उलट ओढतेयस. उपटेल ते."

"आईचा सुरा आहे गं. तो घेतो सांभाळून."

आई खिडकीपाशी खुर्चीत बसून दोघींकडे पाहत होती.

दुपार टळली तेव्हा कुठे शाईची अख्खी रेघ एका घासण्यात पुसली गेली. थोरलीने धार उजेडाकडे धरून पाहिली. चमकणारा एकही ठिपका दिसला नाही, म्हणजे बोथटपणा उरला नव्हता. ती दुसऱ्या घोडीवर बसली, पायाने फळी दाबून फाक घोडीच्या जबड्यात पक्की धरली आणि सुरा ओढला. पहिल्याच ओढीला डावी मूठ पात्याच्या दांडीवर गरकन फिरली. पात्याचे टोक अंगठ्याच्या बुडाशी शिरले.

आई लगबगीने उठली. चिंधी आणायला उठली असे थोरलीला वाटले. आईने जबड्यातली फाक सोडवून घेतली आणि बाजूला धरली.

"रक्त लाकडावर पडू देऊ नकोस. ओल्या लाकडात मुरलेला डाग निघत नाही."

थोरलीने स्वतःच हात बांधला. सैल मुठीत बारीक पाचर ठोकली, दोनदा पिळून पाहिली आणि पुन्हा बसली. आता सुरा चालू लागला. बुडाकडून शेंड्याकडे, धाग्याच्या कलाने, लांब ओल्या फिती निघू लागल्या. मध्ये गाठ आली तेव्हा तिने फाक उलटी फिरवली आणि दोन्ही अंगांनी पातळ-पातळ घेत गाठ पार केली. बांधलेला हात ठणकत होता. तरी शेवटचा पैलू उतरला तेव्हा ती एकटीच हसली. असला सुरा आणि असला पाय!

दिवे लागायच्या आधी दोन्ही पाय आईपुढे आले. आईने डोळे मिटून एकेका पैलूवरून अंगठा फिरवला. धाकटीच्या पायावर गाठीपाशी अंगठा अडखळला. तिथे बोटभर लाकूड उपटून खड्डा पडला होता. थोरलीच्या पायावर तो कुठेच थांबला नाही.

"चांगला कुठला?" आईने विचारले.

"ताईचा," धाकटी खाली मान घालून म्हणाली. "कुणीही सांगेल."

"खरंय."

आईने कमरेची कारखान्याची किल्ली सोडली आणि धाकटीच्या हातावर ठेवली.

"आई, हा पाय माझा आहे," थोरली म्हणाली. आईची गल्लत झाली असे तिला वाटले.

"कळतंय मला. माझं मनगट गेलंय, डोकं नाही."

"मग?"

"हिला माझा सुरा दिला, तरी हिच्याकडून हे झालं. कारखाना हातात नसेल तर ही बाहेर तगायची नाही." आईने थोरलीचा पाय पुन्हा एकदा कौतुकाने न्याहाळला. "तुझं मात्र कसल्याही सुऱ्यावर निभतं. ते निभतं ना, एवढंच मला आज बघायचं होतं."

धाकटीने मूठ मिटली.

"आणि उद्यापासून," आई म्हणाली, "हिच्याही पात्याला धार तूच लावत जा."