एकही जखमी नाही

“गेल्या हंगामात आपला एकही खेळाडू जखमी झाला नाही,” मॅनेजर म्हणाला.

मास्तर खुर्चीत सावरून बसले. शाबासकी मिळणार असं त्यांना वाटलं. फुटबॉल क्लबात त्यांचं काम खेळाडूंच्या अंगात ताकद भरण्याचं. चेंडूशी त्यांचा संबंध नव्हता. वजनं उचलायला लावायची, मांड्या भरून येईपर्यंत उड्या मारायला लावायच्या, आणि कुठे थांबायचं तेही सांगायचं. कागदोपत्री हुद्दा लांबलचक होता. खेळाडू त्यांना नुसतं मास्तर म्हणत.

“म्हणजे पोरं आता तयार झालीत,” मॅनेजर पुढे म्हणाला. “मग या कामाला वेगळा माणूस कशाला, असं वरच्यांचं म्हणणं पडलं. गोलकीपरचा कोच आहे, तो बघेल थोडं थोडं. राग मानू नका.”

मास्तरांना उत्तर सुचलं ते खाली उतरताना, जिन्यात. घर गळत नाही म्हणून कोणी छप्पर उतरवून ठेवतं का? पण तोवर वरचं दार लागलं होतं.

व्यायामशाळेत त्यांनी आपली शिट्टी, टॉवेल आणि जुने बूट एका खोक्यात भरले. तिथे काडी एकटाच वजनं मारत होता. क्लबात आला तेव्हा तो इतका किडकिडीत होता की पहिल्याच दिवशी हे नाव पडलं. आधीच्या क्लबात त्याच्या मांडीचा स्नायू दोनदा फाटला होता. डॉक्टरांनी खेळ सोड म्हणून सांगितलं होतं. मास्तरांनी त्याला अगदी मुळापासून बांधत आणला. तो रोज कुरकुर करायचा. “मास्तर, मला गोल मारायचेत, पोती वाहायची नाहीत.” मास्तर म्हणायचे, “आधी पोती.”

त्या दिवशी काडीने वजनं खाली ठेवली, खोका उचलला आणि फाटकापर्यंत आणून दिला.

“बरं झालं,” बायको म्हणाली. “आता तुमचं तोंड तरी दिसेल दिवसाउजेडी.” ती हसली, पण मास्तर हसले नाहीत.

आठवडाभरात पोहण्याच्या शाळेतून फोन आला. लहान मुलांच्या खांद्या-पाठीची काळजी घेणारा माणूस तिथल्या बाईंना हवा होता. मास्तर म्हणाले, विचार करून सांगतो. विचार कसला, ते वाट बघत होते. हंगाम सुरू होऊ दे. एकदोघांच्या मांड्या फाटू देत. मग येतील नाक घासत. एकदा दाढी करता करता हे त्यांच्या तोंडून मोठ्याने निघून गेलं.

“कोणाच्या मांड्या फाटू देत?” बायकोने दारातून विचारलं.

“कोणाच्या नाही.”

“त्या काडीला तर घास भरवायचंच काय ते बाकी ठेवलं होतंत तुम्ही,” ती म्हणाली आणि कामाला लागली.

हंगामाचा पहिला सामना मास्तरांनी जन्मात पहिल्यांदा तिकीट काढून पाहिला. प्रेक्षकांत मधोमध बसले. खाली सामन्याआधीचा व्यायाम चालला होता. गोलकीपरच्या कोचने तो घाम यायच्या आत उरकला. मास्तरांना आतून बरं वाटलं. बरं वाटलं याची थोडी लाजही वाटली, पण ते जागचे हलले नाहीत.

मध्यंतरानंतर काडीला चेंडू मिळाला. तो एकटाच सुटला. समोरचा बचावपटू घसरत आडवा आला, दोघे एकमेकांत अडकले आणि काडी तोंडावर आपटला. त्याचा हात थेट मांडीच्या मागे गेला.

पुढच्या रांगांमध्ये मॅनेजर ताडकन उठला. त्याने मागे वळून पाहिलं. गर्दीत त्याला मास्तर दिसले आणि त्याची नजर तिथेच थांबली. इतके दिवस मास्तर याच नजरेची वाट बघत होते. पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. तेही उभे राहिले होते, समोरच्या बाकाची कड दोन्ही हातांनी धरून.

“ऊठ,” ते पुटपुटत होते. “ऊठ रे. घाई नको. आधी गुडघा दुमडून बघ. ऊठ बाबा.”

“मुलगा आहे का तुमचा?” शेजारच्याने हळूच विचारलं.

मास्तरांना ते ऐकूही आलं नाही. खाली काडीने गुडघा दुमडला. पाय सरळ केला. पुन्हा दुमडला. मग तो हाताचा टेकू घेत उभा राहिला, चार पावलं लंगडला, चालला, आणि बघता बघता चेंडूच्या मागे सुसाट सुटला. टाळ्या पडल्या. मॅनेजर खाली बसला. त्याने पुन्हा मागे वळून पाहिलं नाही.

मास्तर मटकन बसले. सामना कोणी जिंकला, हे त्यांना नंतर धड सांगता आलं नसतं. फाटकाबाहेर आल्यावर त्यांनी पोहण्याच्या शाळेत फोन लावला आणि उद्यापासून येतो म्हणून सांगितलं.

घरी बायकोने दार उघडलं. ते कशाला गेले होते, हे तिला ठाऊक होतं.

“पडलं का कोणी?”

“काडी पडला.”

ती जपून म्हणाली, “म्हणजे आता बोलावतील तुम्हाला.”

“नाही बोलावणार,” मास्तर म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा असा फुलला होता. “उठला तो.”