टाळूवरचे पांढरे डाग

"आधी ती तंबाखूची पुडी काढ ओठाखालून," सिक्स्टेन म्हणाला. "दातांच्या डॉक्टरकडे येतानासुद्धा सुटत नाही तुझी!"

एस्किलनं हसत पुडी काढली. स्वीडनमधल्या अख्ख्या लुलेओ गावात सिक्स्टेन त्याचा एकुलता एक जिवाभावाचा मित्र. हिवाळ्यात दोघं गोठलेल्या समुद्राला भोक पाडून मासे धरत बसायचे.

एस्किलच्या टाळूवर आणि जिभेवर पांढरे डाग होते.

"तंबाखूचेच असणार," तो म्हणाला. "इथं कुणाच्या तोंडात नाहीत?"

सिक्स्टेननं कापसानं डाग पुसला. डाग कापसावर निघून आला. खालची कातडी लालभडक होती. सिक्स्टेनची थट्टा तिथंच थांबली.

"तंबाखूचा डाग ओठाखाली पडतो, आणि पुसून जात नाही. ही बुरशी आहे. अंगातली ताकद खचल्याशिवाय एवढी माजत नाही. रक्त तपासून घे, एस्किल. एचआयव्हीसाठीसुद्धा."

रिपोर्ट आला आणि एस्किलच्या पायाखालची जमीन सरकली. गोळ्या घेतल्यात तर म्हातारे होईपर्यंत जगाल, असं डॉक्टरीणबाई सांगत होत्या. त्याला काही ऐकूच येत नव्हतं. लग्नानंतर कितीतरी वर्षं तो रक्तदान करत होता, तेव्हा रक्त स्वच्छ होतं. आणि बायकोशिवाय त्यानं कुणाला हात लावला नव्हता.

घरी त्यानं जाब विचारला, तेव्हा त्याची बायको तुवा पाठ फिरवून उभी राहिली.

"त्याचं नाव मी डॉक्टरीणबाईंना सांगितलंय," ती म्हणाली. "कायद्यानं सांगावंच लागतं. त्या त्याला बोलावून घेतील. तुला मात्र मी सांगणार नाही. त्याही नाही सांगणार."

एस्किल तडक सिक्स्टेनकडे गेला आणि त्याच्या स्वयंपाकघरात ढसाढसा रडला.

"केसानं गळा कापला रे तिनं माझा! तो कोण ते कळू दे फक्त."

सिक्स्टेननं कॉफी ओतली. "कळून काय करणार आहेस? माफ कर तिला. वाईट नाही रे ती."

"तूही तिचीच बाजू घे!"

सोमवारी एस्किल गोळ्या आणायला डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेला, तर सिक्स्टेन आधीच बाकावर बसलेला. एस्किलचे डोळे भरून आले. त्यानं शेजारी बसून त्याचा हात घट्ट धरला.

"मी सांगितलंही नव्हतं, तरी आलास! आता तुझ्याशिवाय कोण आहे मला?"

सिक्स्टेननं हात हळूच सोडवून घेतला.

दार उघडून नर्स बाहेर आली आणि दोघांकडे बघून हसली.

"सिक्स्टेन? चला, रक्त घ्यायचंय तुमचं."