खालचा थर

सातच्या बातम्यांना पस्तीस मिनिटं उरली होती आणि टीव्हीवर आईच्या तोंडाचा अजून नुसता चौकोनी लगदा दिसत होता. आज तिचं शेवटचं बातमीपत्र. दर पाच मिनिटांनी तिचा चेहरा दाखवून तशी जाहिरात लागत होती आणि दर वेळी लेकीचा जीव खालीवर होत होता.

लेक इंजिनिअर, टीव्हीला जोडायचे सेट-टॉप डबे बनवणाऱ्या कंपनीत. टेबलावर उघडून ठेवलेला डबा तिनंच रचलेला, म्हणजे चिडायलाही दुसरं कुणी नाही. तीन महिन्यांपूर्वी प्रक्षेपण नव्या पद्धतीचं झालं होतं. एकाच लहरीवर दोन थर. वरचा दणकट, त्यात ढोबळ चित्र. खालचा नाजूक, त्यात सगळे बारकावे. डबा आधी वरचा थर ओळखतो, तो वजा करतो आणि उरलेल्यातून खालचा काढतो. शहरात सगळं झकास चालायचं. टेकडीआडच्या या घरात मात्र डबा वरच्यातच चुकायचा, आणि मग खालच्याचा पार बट्ट्याबोळ.

बाबांना ऐकू येत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी तापात कान गेले, तेव्हापासून ते ओठ वाचतात.

"बातम्या खाली अक्षरांच्या पट्टीत येतातच की," ती त्यांच्याकडे तोंड करून म्हणाली. "नाहीतर स्टुडिओत तरी जायचं. एवढं बोलावलं होतं त्यांनी!"

"मी इथूनच बघणार," बाबांनी घर दणाणून सोडलं. "आणि मला ओठ दिसले पाहिजेत. आईला मात्र काही बोलू नकोस हं. मी रोज सांगतो, आज काय छान दिसलीस म्हणून."

"तीन महिने थापा?"

"मग काय! तिचं मन कशाला मोडू?"

लेक हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. किती गोड म्हातारा होता हा! आणि आपल्याला एवढंसं काम जमू नये?

"बाबा, प, ब, म, ओठांवर सगळे सारखेच दिसतात. तुम्ही चुकत कसे नाही हो?"

"घाई करत नाही. प असेल, नाहीतर ब असेल. दोन्ही मनात धरून ठेवायचे. पुढचं दिसलं की आपोआप कळतं. पहिल्याच झटक्यात ठरवून टाकलं, की फसलोच."

लेकीचे हात थांबले. तिचा डबा नेमकं तेच करत होता. लहरीतून संदेशाचा एक ठिपका आला रे आला, की हा अमुकच, असं ठरवून मोकळा! शंका पुढे न्यायची सोय तिनं आधी केली होती, पण डबा मंदावतो म्हणून तिनंच ती काढून टाकली होती. शहाणीच मी, असं पुटपुटत तिनं लॅपटॉप ओढला आणि ती सोय परत घातली. आता प्रत्येक ठिपक्याला डबा "बहुतेक हा, पण कदाचित तो" असं म्हणत पुढे जाणार होता. चित्र दोन सेकंद उशिरा येईल. येऊ दे.

सातला दोन मिनिटं असताना चित्र थरथरलं आणि स्थिर झालं. जाहिरातीतल्या आईच्या भुवईजवळचा तीळसुद्धा दिसला. बाबांनी खुर्ची पुढे ओढली.

आईनं एकदाही न अडखळता बातम्या वाचल्या, सगळ्यांचा निरोप घेतला. आवाज बंद झाला, नावांची यादी वर सरकू लागली. लेकीनं रिमोट उचलला.

"थांब!" बाबांनी तिचा हात धरला.

आई कागद जुळवत सरळ कॅमेऱ्यात बघत होती. माइक बंद होता, पण तिचे ओठ हलत होते.

"माझ्याशी बोलतेय ती," बाबा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "पंचवीस वर्षं, रोज. बातम्या कोण बघतंय!"

पडदा काळा झाला. लेकीनं त्यांचा चेहरा आपल्याकडे वळवला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तीन महिने तुम्हाला काही दिसत नाहीये, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी मी बोलत होते."