खातेदाराचा फोटो

"पलीकडे उभे आहेत ते मुखरूच ना, बाई?" तलाठ्याने मोबाइल डोळ्यांसमोर धरून विचारलं.

रुखमाबाईने नुसती मान हलवली. तोंडाने खोटं बोलायची तिची छाती होत नव्हती.

मध्ये नाला. पाणी कमरेएवढं, रुखमाबाईला चालणारं, साहेबांच्या बुटांना न चालणारं. पलीकडे तिचं दीड एकराचं धानाचं वावर पुराच्या वाळूखाली गेलं होतं. त्या वाळूत पांढरा सदरा घालून, डोक्याला दुपट्टा गुंडाळून मुखरू उभा होता. पण तो मुखरू नव्हता. पहाटे नाला ओलांडून तिनेच उभं केलेलं बुजगावणं होतं ते. मुखरू तापाने जाऊन तीन महिने झाले होते.

सातबाऱ्यावर मात्र तो अजून ठणठणीत होता. फेरफाराचा अर्ज तालुक्याच्या कचेरीत कुठेतरी धूळ खात पडला होता, आणि यंदाचा नियम असा की पूरमदतीसाठी खातेदार स्वतः शेतात उभा असलेला फोटो हवा. पंचनाम्याचा आज शेवटचा दिवस. मदत मिळाली नाही तर वाळू उपसणं रुखमाबाईच्या आवाक्यातलं नव्हतं. ज्या वावराचे बांध मुखरूने आपल्या हाताने घातले, तेही त्याच्या मागोमाग जाणार होतं.

युक्ती कोतवाल लच्छूची. मुखरूच्या तिरडीला त्यानेच खांदा दिला होता, आणि बाईची त्याला कीव आली. साहेब नवे आहेत, ते कोणाला ओळखत नाहीत, रस्त्यावरूनच फोटो घेऊन निघून जातील, असं त्याने तिला सांगितलं होतं. मग तिने पेटीतून मुखरूचा सदरा काढला. डावी बाही कोपरापाशी विरलेली, उजवी जवळजवळ कोरी. त्या कोऱ्या बाहीवरून तिने बराच वेळ हात फिरवला. दोन्ही बाह्यांत धानाची वाळकी तणस भरली आणि वाऱ्याने हलू नयेत म्हणून त्या कमरेशी तारेने करकचून बांधल्या.

तलाठी फोटो घेता घेता थांबला. मागच्या गावात एकाने असाच तणसाचा खातेदार उभा करून त्याला गंडवलं होतं. त्या माणसाचं नाव यादीतून तर गेलंच, वर पोलिसांत तक्रारही झाली.

"कोतवाल, हाक मारा त्यांना. म्हणावं, उजवा हात वर करा."

लच्छूचा चेहरा पडला. त्याने रुखमाबाईकडे पाहिलं. ती पायाखालच्या चिखलाकडे बघत राहिली. संपलं, तिला वाटलं. वावरही गेलं, आणि मेलेल्या नवऱ्याच्या नावाला बट्टाही लागला.

"मुखरूभाऊ," लच्छूने कसाबसा आवाज काढला, "उजवा हात वरत करा जी."

वारा नव्हता. काठावरचं गवतसुद्धा हलत नव्हतं. लच्छूच्या हातातली छत्री गळून चिखलात पडली, तेव्हा रुखमाबाईने मान वर केली.

पलीकडे एक हात वर गेला होता. दुसरा तसाच कमरेशी होता.

तलाठ्याने फोटो घेतला, नीट आलाय का ते पाहिलं आणि मोबाइल खिशात टाकला. लोक साधं सांगितलेलंही ऐकत नाहीत, असं काहीतरी तो पुटपुटला.

"उजवा सांगितला होता, बाई. त्यांनी डावा केला."

रुखमाबाईची नजर पलीकडून हलली नाही. मुखरू समोर असताना घ्यायची तसा तिने पदर डोक्यावर ओढून घेतला.

"अस्वलानं खांदा मोडला तवापासून," ती म्हणाली, "त्याईचा उजवा हात वरत होत नाई, साहेब."